डेकवर जायचंय, एजंट पैसे मागतोय

प्रश्न: सर, मी दापोलीचा, दहावी पास, ६ महिन्यांचा जीपी रेटिंग (साध्या खलाशाचं प्रशिक्षण) कोर्स झालाय, सीडीसी (खलाशाचं नोंद-पुस्तक) पण आहे. एक एजंट लगेच जहाजावर चढवतो म्हणतो पण ३ लाख मागतोय, देऊ का? आणि डेकवर नक्की काम काय असतं?

उत्तर: अजिबात देऊ नकोस रे. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं हाच नियमभंग आहे, भारतात ही भरती फक्त आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) लायसन्सवाल्या कंपनीनेच करायची असते आणि लायसन्स खरंय का ते डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या साइटवर बघता येतं.

काम म्हणशील तर सुरुवातीला ट्रेनी ओएस (ऑर्डिनरी सीमन, शिकाऊ साधा खलाशी), म्हणजे चिपिंग हॅमरने गंज काढ, प्रायमर लाव, रंग मार, परत गंज, खारं पाणी कुठे थांबतंय! ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, लुकआउट (समुद्रावर नजर ठेवणं) पण असतो, ४ तास वॉच (पाळी) ८ तास सुट्टी असं. खरी भीती मूरिंगची, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधायची, ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो आणि माणूस जागेवर जातो, त्यामुळे दोराच्या रेषेत कधीच उभं राहायचं नाही, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) ओरडायच्या आधीच बाजूला हो. २४ तासांत किमान १० तास विश्रांती हा नियम आहे, पण बंदरात लागोपाठ कामं आली की झोपेचं खोबरं होतंच.