आलं घातलं की दूध फाटतं, आणि मसाला घालूनही टपरीसारखा चहा होत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोत भाड्याच्या खोलीत इंडक्शनवर दोन कप चहा करता, दूध पिशवीचं. आलं घातलं की कधीकधी दूध फाटतं, नाही फाटलं तर चहा पाणचट लागतो, आणि विकतचा चहा मसाला कपाच्या तळाशी गाळ होऊन बसतो. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

आधी फाटण्याचं. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. गरम दुधात आल्याचा रस घालून हलवलं नाही तर ते विरजण लावल्यासारखं थिजतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर एक गोड पदार्थ करतात. खळखळ उकळलं की हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून आलं आधणात टाकायचं, निदान तीन मिनिटं उकळू द्यायचं, मगच दूध. दूध, पाणी, आलं सगळं गारच एकत्र करून पातेलं चढवलं की ते सावकाश तापतं आणि फाटायला लागणारा मधला वेळ आल्याला आयता मिळतो. वरून किसून घातलेलं आलं तर सरळ दगा देतं.

एवढं करूनही फाटलं तर दूध आधीच उतरलेलं असणार. एप्रिल-मेमध्ये सकाळी घेतलेली पिशवी दोन तास ओट्यावर राहिली तरी पुरतं. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं उकळून बघा, कण दिसले की ते चहाला नको. गुळाचा चहा करत असाल तर तिसरं कारण तिथेच आहे: गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात. चहा पूर्ण झाल्यावर आच बंद करायची, उकळी बसू द्यायची, मग चिरलेला गूळ घालून ढवळायचं. त्यानंतर पुन्हा तापवायचं नाही.

आता पाणचटपणा. बहुतेकांचं माप चुकतं ते आटण्याचा हिशेब न धरल्यामुळे. 150 मिलीचे दोन कप हवे असतील तर पाणी 220 मिली आणि दूध 150 मिली घ्या. उकळण्यात आणि चोथ्यात मिळून 70 मिलीच्या आसपास जातं. चहा पावडर दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. साखर तीन चमचे, कमीजास्त तुमचं तुम्ही बघा. आलं बोटाच्या एका पेराएवढं. नवं आलं रसाळ पण मिळमिळीत असतं, जुनं रेषेचं आलं तिखट, तेव्हा पेराचं माप डोळे मिटून पाळू नका. किसण्यापेक्षा ठेचलेलं बरं. किसल्यावर तिखटपणा जास्त उतरतो आणि गाळणीही चोंदते.

आधण ठेवताना आलं आणि साखर बरोबरच घाला. तीन मिनिटांनी गवती चहाची दोन पाती गाठ मारून टाका, पण एक-दीड मिनिटात काढून घ्या, नाहीतर चहाला गवताचा वास येतो. (कुंडीत लावा. विकतच्या जुडीतली निम्मी पाती वाळूनच जातात.) मग पावडर, आणि मध्यम आचेवर दोन मिनिटं. या वेळी पाण्याचा रंग गडद तांबूस, जवळजवळ काळपट दिसला पाहिजे. फिका नारिंगी असताना दूध ओतलं तर नंतर कितीही उकळा, कडकपणा येत नाही, नुसतं दूध कढतं.

दूध गरम करून घाला. फ्रीजमधलं गार दूध ओतलं की उकळी मरते आणि पुन्हा चढेपर्यंत पावडर नुसती भिजत पडते. दूध घातल्यावर उकळी वर आली की आच कमी, खाली बसली की पुन्हा वाढवा, असं तीनदा. पळीने वरून धार धरून दोन-चारदा ओतलंत तर उत्तम. पावडरीतला तुरटपणा दुधातल्या प्रथिनांशी जोडला जाऊन मऊ होतो, म्हणून दुधासकट उकळणं गरजेचं. मात्र चार मिनिटांच्या वर गेलात की जास्तीचा कडवटपणा उतरतो आणि तो साखरेने झाकत नाही.

दूध कोणतं? टोन्डमध्ये स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6 टक्के. टपरीचा दाटपणा हवा असेल तर फुल क्रीम घ्या, टोन्ड घेतलंत तर पाणी 180 आणि दूध 190 करा. पावडर सीटीसीच हवी, गोल दाण्यांची. नुसती डस्ट, म्हणजे भुकटीसारखी बारीक पावडर, रंग झटकन देते पण तोंडात तुरट राहते. तीन भाग दाणेदार आणि एक भाग डस्ट हे मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. रविवार कारंजाच्या बाजूला सुटी पावडर विकणाऱ्याला सांगितलंत तर तो मिसळून देईल. नळाचं पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्यात चहा काळवंडतो आणि वर तवंग धरतो.

राहिला मसाला. तळाशी गाळ बसतो कारण सुंठ तंतुमय असते आणि विकतच्या मसाल्यात बहुधा तीच जास्त. घरी करायचा तर हिरवी वेलची 20 ग्रॅम, सुंठ 30, मिरी 10, दालचिनी 10, लवंग 5 आणि अर्धं जायफळ. सुंठ आधी खलबत्त्यात फोडा, मग मिक्सरला लावून बारीक चाळणीने चाळा. वेलची सालासकट चमचाभर साखरेबरोबर वेगळी दळा, थांबत थांबत, कारण भांडं तापलं की वास उडतो. भाजू नका. लवंग वाढवायचा मोह आवरा, दोन लवंगा जास्त झाल्या की चहाला दाताच्या औषधाचा वास येतो. दालचिनी फार उकळली तर चहा बुळबुळीत लागतो.

दोन कपांना पाव चमचा पुरे. ताजं आलं घातलं असेल तर त्याहून कमी. तो घालायचा शेवटच्या उकळीला, मग आच बंद, झाकण, एक मिनिट मुरू द्यायचा. मसाला आधणात घातला तर वेलचीचा वास वाफेबरोबर खोलीभर जातो, कपात येत नाही. बरणी काचेची, आणि दीड-दोन महिन्यांत संपेल एवढाच करा. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडचा गारठा शहरातही जाणवतो तेव्हा, मिरी थोडी वाढवली तर छान लागते. उन्हाळ्यात मिरी-लवंग काढून टाकून नुसती वेलची आणि चिमूटभर बडीशेप.

इंडक्शनवर एक गोष्ट सांभाळा: दूध क्षणात उतू जातं. आधण 1200 वॅटवर, दूध घातल्यावर 600 च्या आसपास. पातेलं सपाट बुडाचं आणि चहाच्या तिप्पट मापाचं, म्हणजे लिटरभराचं घ्या. आणि गाळून घ्या लगेच. चोथ्यावर पाच मिनिटं तसाच राहिलेला चहा दुसऱ्या कपाला कडूच लागणार.