पत्रिका १९०, माणसं किती?

प्रश्न: मुलीचं लग्न मार्गशीर्षात, फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभागृहात ठरलंय. एका पंगतीला २०० पानं बसतात. आमच्याच पत्रिका १९० वर गेल्या, व्याह्यांची यादी अजून यायची आहे. कुणालाही वगळलं तरी ते दुखावतील. काय करावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: आधी पत्रिका मोजणं थांबवा, माणसं मोजा. घरटी चार धरली तरी तुमच्या १९० पत्रिका म्हणजे ७६० माणसं. मुहूर्त सव्वाबाराचा असेल तर पहिली पंगत पाऊण वाजता बसते. वाढणं, जेवण, पानं उचलणं, पुसणं यात प्रत्येक पंगतीला तास जातो. दुसरी पावणेदोनला, तिसरी पावणेतीनला. तिसऱ्या पंगतीला भात गार आणि सोलकढी पातळ होते, म्हातारी माणसं ताटकळतात. म्हणून दोनच पंगती धरा: ४०० पानं. त्यातली २५ भटजी, वाजंत्री, फोटोवाले, ड्रायव्हर आणि मदतनीसांची. ही पानं हमखास विसरली जातात. उरलेल्या ३७५ ची दोन्ही घरांत निम्मी वाटणी करा आणि व्याह्यांना आजच आकडा सांगा, तोही माणसांचा.

आता तुमच्या वाट्याच्या साधारण १८५ जागा. माणसागणिक निवड करू नका, नात्याची पायरी ठरवा. सख्खे काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुलं ही पहिली पायरी. त्यापुढच्या, लांबच्या चुलत-मावस नात्यातल्या एकाला बोलावलं की त्या पायरीवरच्या सगळ्यांना बोलवावं लागतं. जमत नसेल तर ती अख्खी पायरी संध्याकाळच्या रिसेप्शनला न्या. राग बहुतेकदा ‘त्याला बोलावलं, मला नाही’ यातूनच येतो. मुंबई-पुण्याहून येणारे आदल्या दिवशी पोचतात. त्यांच्यासाठी अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) खोल्या, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता वेगळा मोजा.

वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या शेजाऱ्यांना मात्र तोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. मांडव घालायला आणि चुडा भरायच्या दिवशी तीच माणसं येतात, त्यांत ख्रिस्ती शेजारीही आले. मुहूर्ताला घरटी एक माणूस आणि रिसेप्शनला सगळं घर, असं दारात तोंडाने स्पष्ट सांगा. नुसती पत्रिका टाकून हे कळत नाही. ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलं की अख्खं घर येणार, ‘उभयता’ म्हटलं की दोघं. म्हणून दोन तऱ्हेच्या पत्रिका छापा. ऑफिसातल्या लोकांना रिसेप्शन पुरे.

‘सगळे थोडेच येतात’ या हिशेबावर जास्त पत्रिका वाटू नका. लग्न रविवारी असेल तर गावातले जवळजवळ सगळे येतात. कामाच्या दिवशी काहीजण अक्षता टाकून निघतात, पण ते कोण, हे आधी कळत नाही. आचाऱ्याला पक्का आकडा तीन दिवस आधी द्या. त्याच्या आदल्या संध्याकाळी एका माणसाने सगळ्या घरांना फोन करावा.

प्रश्न: मोबाइलवर पत्रिका पाठवली तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: तारीख कळवायला चालेल, आणि परगावच्यांना ती दोन महिने आधी मिळालेली बरी. जवळच्या घरांना आमंत्रण दारात जाऊनच द्यावं. पहिलं कुलदेवतेला आणि ग्रामदेवतेला, नारळ-विडा ठेवून. मग मामाकडे, मग बाकीच्यांकडे. एका संध्याकाळी आठ-दहा घरांपेक्षा जास्त होत नाहीत, कारण प्रत्येक घरी बसावं लागतं. ६० घरं असतील तर आठवडा धरा आणि तीन आठवडे आधी निघा. सुतक असलेल्या घरी दहा दिवस अक्षत नेऊ नका, पण सुतक फिटल्यावर नक्की जा. त्यांनी यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. ‘ते येणार नाहीत’ असं गृहीत धरून नाव खोडलेलं त्या घराला फार लागतं.