गिटारची गुणगुण, खरखर आणि नॉइज गेट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी एका हौशी बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्या गिटारवर तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत सिग्नल करणारे भाग) आहेत. गिटारनंतर आवाज खरबरीत करणारे डिस्टॉर्शन पेडल, त्यानंतर पडसाद देणारे डिले पेडल आणि शेवटी २० वॉटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) अशी माझी जोडणी आहे. डिस्टॉर्शन चालू असताना हात थांबला की ॲम्पमधून मोठी गुणगुण आणि खरखर ऐकू येते. म्हणून मी नॉइज गेट पेडल विकत घेतले आणि ते सर्वांत शेवटी, ॲम्पच्या अगदी आधी लावले. आता वाजवणे थांबल्यावर शांतता मिळते. पण लांबवलेला स्वर मध्येच तुटतो, डिलेचे पडसाद नाहीसे होतात आणि वाजवत असताना गुणगुण पूर्वीइतकीच राहते. पेडल सदोष आहे की मी ते चुकीच्या जागी लावले आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपले पेडल बहुधा उत्तम स्थितीत आहे. आपल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन जोडणीतील जागेमुळे उद्भवलेल्या आहेत, आणि तिसरी तक्रार कोणतेही नॉइज गेट दूर करू शकणार नाही, कारण ते त्याचे कामच नाही. गेट म्हणजे शब्दशः फाटक. आत येणारा सिग्नल किती मोठा आहे हे ते सतत मोजत राहते. आपण ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा, म्हणजे थ्रेशोल्डपेक्षा, तो मोठा असला तर फाटक उघडते आणि लहान झाला की बंद होते. उघड्या फाटकातून मात्र स्वर आणि गुणगुण दोन्ही जोडीनेच बाहेर पडतात. स्वर मोठा असल्यामुळे गुणगुण त्याखाली झाकली जाते, एवढेच. गेट दोन स्वरांमधील जागा शांत करते. स्वर स्वच्छ करत नाही. हा फरक नीट लक्षात आला नाही, तर वाजवतानाची गुणगुणही जावी म्हणून माणूस थ्रेशोल्ड वाढवतच जातो आणि शेवटी स्वरांचाच बळी जातो.

गुणगुणीची वारंवारता गाळून टाकता येणार नाही का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे गुणगुणीत ५० हर्ट्झबरोबर १००, १५० आणि त्यापुढील पटी मिसळलेल्या असतात. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे ८२ हर्ट्झचा स्वर निघतो आणि त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले की सुमारे ९८ हर्ट्झचा. म्हणजे गुणगुणीचा दुसरा घटक गिटारच्या ऐन स्वरांमध्येच येऊन बसलेला आहे. तो गाळायला गेलो तर गिटारचा भरदारपणाही त्याच्यासोबत गळून जाईल.

म्हणून गेटला हात लावण्यापूर्वी आवाज मुळाशी कमी करावा, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी आधी तो कुठून येतो ते शोधा. गेटचे पेडल बंद ठेवा, डिस्टॉर्शन चालू ठेवा आणि गिटारवरील व्हॉल्यूमचे बटण पूर्ण शून्यावर आणा. आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर तो पिकअपमधून येत आहे. तसाच राहिला तर केबल, पेडल, त्यांचा वीजपुरवठा किंवा ॲम्प यांपैकी कुठेतरी त्याचे मूळ आहे. पिकअप दोषी ठरला तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवून गिटार हातात घेऊन जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एका विशिष्ट दिशेला गुणगुण एकदम ओसरते असे जाणवले, तर ती चुंबकीय क्षेत्रातून येत आहे असे समजावे. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर, भिंतीतील ॲडॉप्टर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांची क्षेत्रे ती तारेच्या कंपनाइतक्याच निष्ठेने टिपते. अशा वेळी ॲम्पपासून चार पावले दूर आणि तिरपे उभे राहण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा कित्येकदा महागड्या पेडलनेही पडत नाही.

आपल्या घरांतील एक दोषी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. बटण फिरवताना वेग टप्प्याटप्प्याने न बदलता सलग बदलत जातो अशा प्रकारचे रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर विजेची लाट दर अर्ध्या फेरीत मध्येच तोडून वेग किंवा उजेड कमी करतात. त्या तोडण्यामुळे जी तीक्ष्ण खरखर उत्पन्न होते ती गिटारमध्ये स्पष्ट ऐकू येते, आणि पंखा मधल्या वेगावर असताना ती सर्वाधिक असते. पंखा पूर्ण बंद करून पाहा. फरक पडला तर टप्प्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवून घ्या. तो या बाबतीत पुष्कळ शांत असतो.

आपल्या गिटारबद्दल आणखी एक गोष्ट. तीन सिंगल कॉइल असलेल्या पुष्कळ गिटारींमध्ये मधला पिकअप उलट दिशेने गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो. निवडीचा खटका दुसऱ्या किंवा चौथ्या स्थानावर ठेवल्यास मधला आणि शेजारचा असे दोन पिकअप एकत्र चालतात. तेव्हा त्यांनी टिपलेली गुणगुण परस्परांना छेद देते, पण तारांचा सिग्नल मात्र एकमेकांत मिळवला जातो. दोन कॉइल जोडून बनवलेल्या हंबकर पिकअपचे तत्त्व हेच आहे. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. गिटारच्या आतील पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून घेण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. तो चुकीचा नाही. मात्र त्या पट्टीने विद्युत क्षेत्रातून येणारी खरखर कमी होते, ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ती अडवू शकत नाही. त्यामुळे तेवढ्या खर्चाने सर्व गुणगुण जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता गेटच्या जागेकडे वळू. डिस्टॉर्शन पेडल सिग्नल प्रचंड वाढवते आणि ठरावीक उंचीवर त्याचा माथा छाटते. समजा, आपण तार जोरात छेडली तेव्हा २०० मिलिव्होल्टचा सिग्नल निघाला आणि गुणगुण १ मिलिव्होल्टची आहे. म्हणजे स्वर गुणगुणीच्या दोनशे पट मोठा आहे. पेडलने दोन्ही शंभर पट वाढवले तर गुणगुण १०० मिलिव्होल्ट होईल. स्वर मात्र २० व्होल्ट होऊ शकणार नाही, कारण पेडलमधील सिलिकॉन डायोड त्याला साधारण ६०० मिलिव्होल्टच्या आसपास छाटून टाकतील. दोनशे पटींचे अंतर आता सहा पटींवर आले. आपले गेट या छाटलेल्या सिग्नलकडे पाहून निर्णय घेत आहे, आणि स्वर कुठे संपतो व गुणगुण कुठे सुरू होते हे ओळखायला त्याच्याकडे पुरेसे अंतरच उरलेले नाही. त्यामुळे एक तर ते स्वर लवकर कापते, नाहीतर स्वर मावळताना उघडझाप करत थरथरते.

गेट डिस्टॉर्शनच्या आधी लावले तर त्याला स्वच्छ सिग्नल मिळतो आणि निर्णय अचूक होतो. परंतु डिस्टॉर्शन पेडलची स्वतःची फुसफुस गेटच्या पुढे निर्माण होत असल्यामुळे ती तशीच राहते. या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी काही गेटना सेंड आणि रिटर्न अशा दोन जादा खाचा दिलेल्या असतात. बॉस कंपनीचे एनएस-२ हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण. आपल्या पेडलला त्या असतील तर गिटार गेटच्या इनपुटला जोडा, सेंडमधून केबल डिस्टॉर्शनच्या इनपुटला न्या, डिस्टॉर्शनचे आउटपुट रिटर्नला आणा आणि गेटचे आउटपुट डिलेला द्या. अशा जोडणीत गेट ऐकते गिटारचा स्वच्छ सिग्नल, पण फाटक लावते डिस्टॉर्शनच्या पुढे. डिले आणि रिव्हर्ब (घुमारा देणारे पेडल) नेहमी गेटनंतरच हवेत, म्हणजे फाटक बंद झाल्यावरही आधी बाहेर पडलेल्या स्वराचे पडसाद सावकाश विरत राहतील. जादा खाचा नसतील तर गेट डिस्टॉर्शन आणि डिले यांच्या मध्ये ठेवा आणि डिस्टॉर्शनचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण, थोडा उतरवा. ध्वनिमुद्रणे ऐकून आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी गेन प्रत्यक्षात पुरतो.

थ्रेशोल्ड लावताना गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, डिस्टॉर्शन चालू करा, तारांना हात लावू नका आणि थ्रेशोल्ड शून्यापासून अगदी हळू वाढवत न्या. गुणगुण जिथे नाहीशी होते तिथेच थांबा. त्यापुढे केसभरही जाऊ नका. मग आपल्या कार्यक्रमातील सर्वांत संथ गाण्याचा शेवटचा स्वर छेडा आणि तो विरून जाईपर्यंत शांतपणे ऐका. तो तुटत असेल तर डिके, म्हणजे फाटक मिटायला लागणारा वेळ, वाढवा. तळहाताने तारा दाबून वाजवायच्या जलद आघातांसाठी डिके आखूड असावा, तर तार ओढून लांबवलेल्या, मींडेसारख्या स्वरांसाठी तो पुष्कळ लांब असावा. संथ स्वर पुरता मावळू देण्यासाठी थोडी फुसफुस सोसावी लागली तरी मी ती सोसेन. कापलेला स्वर श्रोत्याच्या कानाला त्या फुसफुशीपेक्षा कितीतरी अधिक खुपतो. डिस्टॉर्शन बंद करून हळुवार वाजवायचे असेल किंवा गिटारचा व्हॉल्यूम उतरवायचा असेल, तेव्हा गेटचे पेडलही बंद करावे. अन्यथा नाजूक स्वर थ्रेशोल्डच्या खाली राहून बाहेरच येणार नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीची गिटार तारांना हात लावला की शांत होते आणि हात काढला की खरखरते. लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करताना तारांना स्पर्श केल्यास कधी कधी बोटांना मुंग्याही येतात. नॉइज गेट घेतल्यास दोन्ही त्रास जातील का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : पहिली गोष्ट बहुतेक सर्व इलेक्ट्रिक गिटारींत आढळते आणि ती दोष नाही. तारा ब्रिजमार्फत, म्हणजे त्या जिथे टेकतात त्या धातूच्या भागामार्फत, सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. वादकाचे शरीर घरातील वायरिंगचे विद्युत क्षेत्र टिपून पिकअपकडे पोहोचवत असते. तारांना हात लावताच शरीरही ग्राउंडला जोडले जाते आणि खरखर ओसरते.

दुसरी गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी, आणि तिच्यावर गेट हा उपाय नाही. दोन पिनांचे किंवा अर्थिंग न मिळालेले लॅपटॉपचे चार्जर अतिशय अल्प विद्युतप्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत येऊ देतात, त्यामुळे मुंग्या जाणवतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. मुंग्या आणि खरखर दोन्ही थांबल्या तर कारण तेच आहे. परंतु ॲम्पला जोडलेल्या गिटारमुळे मुंग्या येत असतील किंवा झटका बसत असेल, तर त्या क्षणी वाजवणे थांबवा आणि जाणकार वायरमनकडून घरातील अर्थिंग तपासून घ्या. मुख्य बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी (प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा खटका) नसेल तर तो बसवून घ्या. गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनची जाड पिन काढून टाकणारे किंवा दोन पिनांचे जोड वापरणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज त्याने कधी कधी खरोखर कमी होतो, पण बिघाडाच्या वेळी वादकाचा जीव वाचवणारा एकमेव मार्गही त्यासोबत तोडला जातो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मंचावर, विद्युतप्रवाह उतरलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला. हातात गिटारच्या तारा आणि समोर माइक अशी स्थिती प्रत्येक गाणाऱ्या गिटारवादकाची असते, म्हणून मुलीला हे आवर्जून समजावून सांगा.

प्रश्न : घरी नीट लावलेले गेट गणेशोत्सवाच्या मंडपात मात्र कुचकामी ठरते. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण मंडपातील गुणगुण घरातल्यापेक्षा वेगळी आणि बहुधा मोठी असते. तिथे जनरेटरची वीज असते, रोषणाईचे डिमर असतात आणि पेडलबोर्डच्या शेजारूनच दिव्यांच्या केबल गेलेल्या असतात. थ्रेशोल्ड प्रत्येक ठिकाणी नव्याने लावावा लागतो, आणि तो सर्व रोषणाई चालू करून घेऊनच लावावा. दुपारी दिवे बंद असताना केलेली तयारी संध्याकाळी उपयोगी पडत नाही. ॲम्प, पेडल आणि ध्वनियंत्रणा यांची वीज एकाच ठिकाणाहून घ्या आणि रोषणाईची लाइन वेगळी ठेवायला सांगा. ॲम्पमधून मिक्सरला सिग्नल दिल्यावरच गुणगुण सुरू होत असेल, तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांचे ग्राउंड एकाहून अधिक वाटांनी जोडले गेले आहेत. त्यासाठी डीआय बॉक्सवरील (ॲम्प किंवा वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणाऱ्या पेटीवरील) ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा. तो केवळ सिग्नलच्या केबलमधील ग्राउंड तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. सर्व पेडल एकाच ॲडॉप्टरवरून माळेसारखी चालवत असाल, तर कार्यक्रमापूर्वी गेट आणि डिस्टॉर्शन ही दोन तरी बॅटरीवर चालवून पाहा. आवाज उतरला, तर प्रत्येक पेडलला स्वतंत्र, परस्परांपासून विलग पुरवठा देणारे पॉवर सप्लाय घेण्यातच पुढचे पैसे घाला.