आधी डिस्प्ले, मग सेंड

भावा, अ‍ॅक्सेसमधल्या (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) यादीतल्या सगळ्यांना आउटलुकवाटे थेट मेल सोडायची घाई करू नकोस. मॅक्रोत, म्हणजे मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमात, 'सेंड'च्या जागी आधी 'डिस्प्ले' लिही; मेल नुसता उघडतो, जात नाही. पाच-सहा नजरेखालनं घाल. लूपच्या (एकेक नोंद घेत फिरणाऱ्या भागाच्या) शेवटी पुढच्या नोंदीवर नेणारी 'मूव्हनेक्स्ट' ही ओळ आहे का, तेही बघ. शिरोली एमआयडीसीत असताना मी तेवढीच ओळ विसरलो, आणि एकाच फाउंड्रीवाल्याला थकबाकीचे 140 मेल गेले. त्याचा फोन, "अवो, देतो की पैसं, थांबवा आता!"

ई-मेलचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी क्वेरीतच (यादी निवडतानाच) गाळ, नाहीतर मॅक्रो तिथंच अडतो. साध्या जीमेल खात्यावरनं दिवसाला 500च्या आसपासच जातात. आणि हो, नव्या आउटलुकात हे मॅक्रो चालत नाहीत, जुनं 'क्लासिक' आउटलुकच ठेव.