फॉरमॅट करू देऊ नका

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. काचबिंदूमुळे डावा डोळा गेला, उजव्याने मोठी अक्षरं तेवढी दिसतात. आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि माझे लेख बारा वर्षांपासून कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलेत. दुरुस्तीवाला म्हणतो, स्क्रीन रीडर टाकायला फॉरमॅट मारावा लागेल. मुलगा पुण्याला असतो. मला एकटीला हे जमेल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बाई, जमेल. पण फॉरमॅट करू देऊ नका. स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम आहे, त्यासाठी आधीचं काहीही पुसावं लागत नाही.

मी स्वतः अंध आहे, आवाजावरच काम करतो. २०११च्या मे महिन्यात माझा कॉम्प्युटर एका दुकानात दिला होता. ‘सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय’ असं सांगितलं गेलं. घरी आणून बघतो तर डी ड्राइव्ह रिकामा. वडिलांनी सांगितलेल्या त्यांच्या गावच्या आठवणी त्यात होत्या, आणि त्या पुन्हा सांगायला वडील राहिले नव्हते. म्हणून आधी बॅकअप.

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे तिन्ही फोल्डर तिच्यावर कॉपी करा. डेस्कटॉप हमखास राहतो. मग डिस्क शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून ओव्यांची फाइल उघडून बघा. उघडली तरच बॅकअप झाला म्हणायचं. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा; आपल्याकडे वळिवात लाईन कशी जाते-येते, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर मुलाकडे पुण्याला.

आता आवाज. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या, तो मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६मध्ये तो लिहायला घेतला. डाउनलोड करताना पडद्याचा त्रास झाला तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबा, विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागेल. एनव्हीडीएची फाइल चालवली की तो इन्स्टॉल व्हायच्या आधीच बोलतो. तिथेच ‘पोर्टेबल कॉपी’चा, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या प्रतीचा, पर्याय येतो. ती कॉपी त्याच बॅकअपच्या डिस्कवर ठेवा, म्हणजे उद्या परक्या विंडोज कॉम्प्युटरवरही तुमच्या फाइली तुम्हाला कानाने उघडता येतील. बोलणं थांबवायला कंट्रोल, मेनूसाठी इन्सर्ट आणि एन. त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या भागात मराठी आवाज आहे. थोडा यांत्रिक वाटतो, आठवडाभरात कान बसतो.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बारा वर्षांपूर्वीचं टायपिंग कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असू शकतं. तसं असेल तर तुम्हाला मराठी दिसतं, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचणार, आणि आईची ओवी तुम्हाला ऐकूच येणार नाही. एक ओळ निवडून तिचा फॉन्ट एरियल करून बघा. इंग्रजी अक्षरं दिसली तर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलमध्येही मराठी अक्षरंच राहतात अशा पद्धतीत, आणावा लागेल. मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवा. या बदलात रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. कानाला यातलं सगळंच पकडता येत नाही, आणि ओवीतला बोलीचा शब्द मूळचा कसा होता हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? म्हणून हे काम उजवा डोळा साथ देतोय तोवर उरका. अक्षर मोठं करून रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, दोन-दोन पानं तपासा. सुरुवात ओव्यांपासून करा. लेख तुम्हाला पुन्हा लिहिता येतील.