सशांआधी पाटल्या सोडवा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, पगार ३२ हजार, दोन मुलं. ससेपालनाची ५ युनिटं घ्यायचं जवळपास ठरलंय. एका युनिटमध्ये ७ माद्या आणि ३ नर, सगळे ३ महिन्यांचे. ५० ससे दीड लाखाला, पिंजरे १ लाखाला. तयार झालेली पिल्लं कंपनीच ३०० रुपये किलोने परत घेणार. एजंट म्हणजे सख्खा मावसभाऊ. प्रश्न असा की, खात्रीचा ब्रीडर आणि चांगला ससा ओळखायचा कसा? शेवटी जाता जाता एक ओळ: 'मिसेसच्या पाटल्या ठेवून १ लाख ८० हजार काढून ठेवलेत, बुकिंग पुढच्या महिन्यात आहे.'

सशांचं नंतर बघू. आधी ही ओळ.

कर्ज १२ टक्क्यांचं, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये व्याज. पैसे मात्र बचत खात्यात झोपलेत, आणि वर्ष संपलं की मुद्दल एकरकमी द्यायचीय. आता महिने मोजा. ३ महिन्यांची मादी नराकडे न्यायला साडेपाच-सहा महिन्यांची व्हावी लागते. गाभणकाळ ३१ दिवसांचा. पिल्लू २ किलोचं व्हायला आणखी ३ महिने. पहिला रुपया हातात येईपर्यंत सातवा महिना उजाडतो. तोवर ५० ससे रोज दीडशे ग्रॅम गोळीखाद्य खाणार. ३५ रुपये किलो धरलं तरी महिन्याला ८ हजार, म्हणजे सात महिन्यांचे ५५ हजारांच्या वर. हा आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही. पाटल्या सोडवायच्या कशातून?

मावसभावाचा हिशेब मादीला वर्षात ६ वेतं, वेताला ७ पिल्लं असा आहे. ३५ माद्या, १,४७० पिल्लं, जवळपास नऊ लाख! कागदावर ससे मरत नाहीत आणि कागदावर मे महिनाही येत नाही. पारा ३२ च्या पुढे गेला की नराचं वीर्य कमकुवत होतं, माद्या उलटतात म्हणजे गाभण राहत नाहीत, उन्हाळ्यातली वेतं जवळपास वाया जातात. नवख्याने ४ वेतं आणि विक्रीपर्यंत जगलेली ५ पिल्लं धरावीत. ७०० पिल्लं, १,४०० किलो. गावातल्या गिऱ्हाइकाने २०० रुपये दिले तर २ लाख ८० हजार. मोठ्यांचं खाद्य ९६ हजार, पिल्लामागे ६ किलो धरून पिल्लांचं दीड लाख. व्याज वजा केल्यावर उरतात बारा-तेरा हजार. वर्षाचे. औषधं अजून धरलेली नाहीत. घरचा लसूणघास असेल तर थोडं सुधारेल. पण तुमच्या तालुक्यात दर आठवड्याला १३-१४ ससे विकत घेणारा कोण आहे, त्याचं नाव सांगा.

कंपनी घेईल, असं म्हणाल. कंपनी ३ महिन्यांचा ससा तुम्हाला ३ हजारांना विकते आणि तुमचा तसलाच ३ महिन्यांचा ससा ६०० रुपयांना घेणार. तो पुढे जाणार कुठे? पुढच्या मावसभावाकडे, ३ हजारांना. नवीन सभासद थांबले की गाडी यायची थांबते. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला इमूपालनाचं हेच झालं, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचं. तुम्ही पाठवलेल्या करारातलं नववं कलम पुन्हा वाचा: 'कंपनीच्या निकषांत बसणारी पिल्लेच घेतली जातील.' निकष कुठेही लिहिलेले नाहीत. कंपनीने पुढच्या तारखांचे चेक दिलेत, पण तिच्या खात्यात पैसे नसतील तर त्यांचं काय करणार?

आणि एका युनिटमध्ये ३ नर कशाला? ८-१० माद्यांना एक नर पुरतो. ३५ माद्यांना ५ नर म्हणजे डोक्यावरून पाणी. उरलेल्या १० नरांचे ३० हजार तुम्ही नुसते भरतीला देताय.

सोमवारी जाऊन कर्ज फेडा. किमान व्याजाची अट असेल तर ते जाऊ द्या.

एवढं करूनही ससे पाळायचेच असतील तर ६ माद्या आणि २ नर, बिनकर्जाचे. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्र आहे. तिथे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या मांसाच्या जाती सांभाळतात. प्रवास नको असेल तर ज्याचं पोट जोड्या विकण्यावर नाही, मटण विकण्यावर आहे, असा जवळचा फार्म शोधा. पिंजऱ्यावर मादीचं कार्ड हवं: पिल्लं किती झाली, किती जगली, १२ आठवड्यांचं वजन किती. कार्ड नसेल तर परत फिरा. ७-८ पिल्लं वाढवणाऱ्या आईच्या पोटच्या माद्या घ्या आणि नर दुसऱ्या फार्मवरून आणा, नाहीतर भावंडंच एकमेकांना लावाल.

ससा स्वतः हातात घ्या. पुढच्या पायांची आतली बाजू बघा. केस चिकटून गुठळी झाली असेल तर तो वाहतं नाक पुसतोय, त्याला पाश्चुरेला हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि वरून बरा दिसला तरी तो इतरांना देतो. कानात तपकिरी खपल्या म्हणजे खरूज. वरचे दात खालच्या दातांवर किंचित पुढे बसले पाहिजेत. वाकडी वाढ पिढीत उतरते. मागच्या तळव्यांचे केस गेलेले नकोत. मादीला किमान ८ सड आहेत का मोजा. नर-मादी स्वतः तपासा, लहान वयात विकणाराही चुकतो.

आणलेले ससे ३ आठवडे वेगळे ठेवा. येताना त्यांचं नेहमीचं खाद्य ८-१० किलो सोबत घ्या आणि आठवडाभरात हळूहळू बदला. एकदम बदललं की हगवण लागते आणि दोन दिवसांत पिंजरा रिकामा होतो.