ईमेलची छापील प्रत : मांडणीचे पर्याय कोणते आणि किती?

प्रश्न : आम्ही एका ईमेल प्रोग्रॅमची छपाईची खिडकी नव्याने आखत आहोत. समास, अक्षराचा आकार, रंग, शीर्षमाहिती (पाठवणारा, तारीख, विषय वगैरे) असे वीसेक पर्याय जमले आहेत. त्यांतले किती ठेवावेत?

कागदाचा आकार, प्रतींची संख्या, दोन्ही बाजूंना छपाई आणि आडवे-उभे पान हे सारे ऑपरेटिंग सिस्टीमची छपाईची खिडकी आधीच विचारते. तेच पुन्हा विचारून वापरणाऱ्याला गोंधळात टाकू नये. तुमच्या प्रोग्रॅमने फक्त तेवढेच विचारावे जे त्यालाच माहीत आहे : संभाषणातले कोणते संदेश छापायचे, उद्धृत मजकूर (उत्तरासोबत आलेला आधीचा संदेश) ठेवायचा का, शीर्षमाहिती थोडक्यात हवी की संपूर्ण, चित्रे हवीत का आणि जोडपत्रांची यादी हवी का. हे पाच पर्याय पुरेत. बहुतेक लोक ही खिडकी न वाचताच छपाईचे बटण दाबतात, त्यामुळे खरे कष्ट पर्याय वाढवण्यावर नव्हे, तर मूळ सेटिंग बिनचूक ठेवण्यावर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. पूर्वदृश्य मात्र त्याच खिडकीत हवे आणि पर्याय बदलताच ते बदलले पाहिजे.

समास ठरवताना एक लक्षात ठेवा. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो, तर लेटर कागद सुमारे २१६ × २७९ मिलिमीटरचा. म्हणजे एक अरुंद पण उंच, दुसरा रुंद पण बुटका. मांडणी २१० × २७९ मध्ये बसवली, तर ती दोन्हींवर सुखरूप राहते.

प्रश्न : रुंद तक्ता असलेला ईमेल छापला की उजवीकडचे रकाने कापले जातात. तक्ता आपोआप लहान केला, तर अक्षरे वाचता येत नाहीत. काय करावे?

आधी हिशेब पाहू. वेबच्या मापनपद्धतीत एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. ए-४ कागदावर दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला, तर १८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६८० पिक्सेल रुंदी हाती उरते. जाहिरातवजा ईमेल बहुधा ६०० पिक्सेलच्या आसपास आखलेले असतात, म्हणून ते निमूट बसतात. अडचण येते ती लोकांनी स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या तक्त्यांची. तक्ता १,२०० पिक्सेलचा असेल, तर तो ५७ टक्क्यांवर आणावा लागतो आणि ११ पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटांच्या जवळ जाते. तोच तक्ता आडव्या पानावर घेतला, तर सुमारे १,००९ पिक्सेल मिळतात, तो ८४ टक्क्यांवर बसतो आणि अक्षर नऊ पॉइंटांच्या वर राहते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी रकान्यांतला मजकूर ओळ मोडून खाली येऊ द्यावा, तेवढ्याने भागले नाही, तर सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत लहान करावे, त्याही पुढे जावे लागत असेल, तर पूर्वदृश्यातच आडव्या पानाची सूचना द्यावी. काहीही न सांगता रकाना कापणे ही यातली सर्वांत वाईट वागणूक आहे, कारण कागद हाती घेणाऱ्याला तिथे काही होते हेच कळत नाही. तक्ता दुसऱ्या पानावर गेला, तर त्याची शीर्षओळ तिथे पुन्हा छापावी आणि एखादी ओळ अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर अशी फाटू देऊ नये.

प्रश्न : लांब संभाषण छापताना तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. उद्धृत मजकूर सरसकट वगळावा का?

सरसकट नको. दहा संदेशांच्या संभाषणात प्रत्येक उत्तराने आधीचे सारे सोबत ओढले असेल, तर दहाऐवजी पंचावन्न संदेशांइतका मजकूर छापला जातो, त्यामुळे तक्रार रास्त आहे. परंतु काही जण उद्धृत ओळींच्या मधोमध, मुद्द्यागणिक उत्तर लिहितात. तिथे उद्धृत ओळी काढल्या की ‘हो’, ‘नाही’, ‘पुढच्या आठवड्यात’ असे निराधार तुकडे उरतात.

माझ्या मते नियम असा असावा : उद्धृत मजकूर संदेशाच्या शेवटी सलग असेल आणि त्याच छपाईत आधी आलेल्या संदेशाशी तंतोतंत जुळत असेल, तरच तो वगळावा आणि त्या जागी ‘संदेश ३ मधील मजकूर येथे वगळला आहे’ अशी ओळ छापावी. शंका असेल तिथे छापावे. कागद वाया गेला तर चालेल, अर्थ जाता कामा नये.

प्रश्न : डार्क मोडमध्ये वाचलेला ईमेल कागदावर कोरा का येतो?

ब्राउझर शाई वाचवण्यासाठी पार्श्वभूमीचे रंग सहसा छापत नाहीत. गडद पार्श्वभूमी जाते आणि पांढरी अक्षरे पांढऱ्या कागदावर उरतात. छपाईसाठी वेगळी शैली लिहून अक्षरे नेहमी काळी करावीत, पडद्यावरची रंगसंगती कोणतीही असो.

प्रश्न : आमच्या कार्यालयात ईमेलच्या छापील प्रती फाइलला लावतात. शीर्षमाहितीत काय छापावे?

पडद्यावर ‘काल’ किंवा ‘दोन तासांपूर्वी’ ठीक दिसते. कागदावर ते दुसऱ्याच दिवशी खोटे ठरते. पूर्ण तारीख, वेळ आणि ‘+०२००’ असा जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक छापावा. ईमेलचा साचा ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या २००८ सालच्या मानकानुसार हा फरक संदेशातच नोंदलेला असतो. पाठवणाऱ्याचे नाव त्याने स्वतः निवडलेले असते, म्हणून नावासोबत पत्ताही हवा. प्रत्येक पानावर विषय आणि ‘पान २, एकूण ५’ असा क्रमांक हवा, कारण फाइलमधली पाने सुटी होतात. जोडपत्रांची नावे व आकार छापावेत.

बीसीसीबाबत, म्हणजे इतरांना न दिसता ज्यांना प्रत जाते त्यांच्या नावांबाबत, फार जपून वागावे. पाठवलेल्या संदेशाच्या आपल्या प्रतीत ती नावे असू शकतात आणि तो कागद इतरांच्या हाती गेला, तर गुप्तता संपते. ती मुळात बंद ठेवावीत. नोंदीसाठी ज्याला हवीत, त्याने स्वतः निवडावीत. शिवाय पाठवणाऱ्या सर्व्हरची डीकेआयएम ही डिजिटल स्वाक्षरी कागदावरून तपासता येत नाही, म्हणून छापील प्रत लावली, तरी मूळ ईमेल पुसू नये.